उपासाला बसलेली गिरणी

"डबा उघडा," मी म्हणाले.

शैला फाटकाशी उभी राहून चपला घालत होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वॉचमन शिर्केकाकांकडे आणि मग स्वतःच्या हातातल्या कडीच्या डब्याकडे.

"ह्यो?"

"हाच."

"पीठ हाय, म्याडम."

"भरताना दिसलं मला. म्हणूनच म्हणते, उघडा."

तिनं झाकण काढलं. दोनेक किलो पीठ होतं, धड पांढरं नाही, धड पिवळं नाही. शिर्केकाका आभाळाकडे बघायला लागले.

"कुणाला विचारून घेतलंत?"

"मावशीस्नी इचारा," शैला म्हणाली. डबा माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि रिकाम्या हातानं बस पकडायला निघून गेली.

मावशींना, म्हणजे तिथल्या सगळ्यांत जुन्या गोदामावशींना, मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? शिंगटेकाकींच्या भाजणीच्या कारखान्यात मला लागून तिसरा दिवस होता आणि तिसऱ्याच दिवशी मी चोरी पकडली होती. डब्यातलं पीठ मी साध्या पिठाच्या पोत्यात ओतलं, डबा घासून शैलाच्या खुंटीला लावला आणि घरी जाताना बसमध्ये स्वतःवर खूश होऊन बसले.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा माझी रेवा साडेतीन वर्षांची होती. मी सात वर्षं एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात काम केलं होतं, आणि ती कंपनी एका दिवाळीत चंबूगबाळं आवरून हिमाचलला गेली. "येता का?" असं मलाही विचारलं होतं. एवढंसं पोर घेऊन कुठे जाणार? नवरा, अभय, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचा. म्हणजे दर जूनमध्ये त्याचा इंटरव्ह्यू, दर एप्रिलमध्ये त्याचा निरोपसमारंभ. घरातली एक तरी नोकरी बारमाही असावी, एवढीच माझी मागणी होती. मी मुळात गॅसचं बटण तीनदा तपासून झोपणारी बाई. त्या वर्षी मी ते पाच वेळा तपासत होते.

अशात शिंगटेकाकींनी बोलावलं. साताऱ्याच्या एमआयडीसीतली पत्र्याची एक शेड, चौदा बायका, दोन गिरण्या, एक भाजायची भट्टी. वीस वर्षांपूर्वी काकींनी हे सगळं स्वतःच्या पडवीत सुरू केलं होतं.

"पुण्याची दुकानं आता कागद मागतात," काकी म्हणाल्या. "कोणी तपासलं, कधी तपासलं, सही कुणाची. आमचं सगळं तोंडी. तुम्ही ते कागदाचं बघा. महिनाभर तुम्ही आम्हाला पारखा, आम्ही तुम्हाला पारखतो. मग ठरवू."

महिना भरला की कायम, नाहीतर रामराम. शेड घरापासून वीस मिनिटांवर होती आणि साडेपाचला सुटत होती. पाळणाघर साडेसहाला बंद व्हायचं. जगात दुसरी अशी नोकरी नव्हती, निदान माझ्या जगात तरी.

पहिल्या आठवड्यात माझी आणि तिथल्या बायकांची भाषा काही केल्या जुळेना. मी बॅच म्हणायचे, त्या घाणा म्हणायच्या. मी नमुना काढून ठेवायचे, त्याला त्या 'म्याडमची चिमूट' म्हणायला लागल्या. एकदा सकाळी कोणीतरी ओरडलं, "मोठी बोलाय लागली गं!" मला वाटलं कोणी बाई मालकिणीला उलट बोलली. तर मोठ्या गिरणीची दगडी पाळ गुळगुळीत होऊन वेगळाच आवाज काढत होती, टाकी लावून ती परत खरबरीत करायची होती. मी मान डोलावली, जणू आमच्या कंपनीत यंत्रं रोजच बोलायची.

प्रत्येक वेळी मान डोलवायची, हीच माझी रीत होती. नव्या जागी माहीत नाही म्हणणं म्हणजे स्वतःच्या हातानं दार दाखवून घेणं, असं मला वाटायचं. घरी आले की अभयला विचारायचे, "पाळ म्हणजे काय रे?" तो इतिहासाचा माणूस. तो मला पेशव्यांच्या काळातलं जातं समजावून सांगायचा.

या सगळ्यांवर गोदामावशींचं राज्य होतं. पडवीपासून काकींबरोबर असलेल्या, साठीला टेकलेल्या, बुटक्या, आवाज खणखणीत. त्यांनी माझ्याकडे कधी नीट पाहिलं नाही आणि त्यांच्या नजरेतून माझं काही सुटलंही नाही.

त्या तिसऱ्या दिवशी उपासाच्या भाजणीचं लहानसं दळण होतं. सकाळी मावशींनी हाळी दिली, "शैले, धाकटीला उपासाला बसव गं!" धाकटी म्हणजे छोटी गिरणी. मला हा शब्द फार आवडला. साधं दळण बंद करून उपासाचं सुरू करायचं, मध्ये साफसफाई करायची, तेच हे. आमच्या कंपनीत एक गोळी संपवून दुसरी सुरू करताना अख्खी लाइन झाडून, पुसून, तपासून सही व्हायची. त्याला आम्ही लाइन क्लिअरन्स म्हणायचो. म्हटलं, चला, हे तर माझं घरचं काम! मी काही बघायलाही गेले नाही. सरळ टेबलाशी बसून तक्ता लिहायला घेतला.

दुसऱ्या दिवशी तो भिंतीवर लागला. गिरणी बंद केली. तोंड पुसलं. चाळण बदलली. पिठाची कापडी पिशवी बदलली. खालची जमीन झाडली. साध्या भाजणीची पोती लांब नेली. प्रत्येकापुढे सहीची चौकट. आणि तळाशी लाल अक्षरांत, शैलाच्या डब्याच्या कृपेनं, 'कोणताही माल शेडबाहेर नेऊ नये. फाटकावर डबे तपासले जातील.' त्याखाली काकींची सही.

गोदामावशींनी तक्ता शैलाकडून वाचून घेतला. शेवटची ओळ दोनदा वाचायला लावली.

"एवढंच करायचं?" त्यांनी मला विचारलं.

"एवढंच. पण यातलं काहीही गाळायचं नाही."

"आन् ह्येच्याबाहेरचं?"

"काही करायचं नाही."

"बरं," मावशी म्हणाल्या.

हे 'बरं' मी अजून विसरलेले नाही. त्या वेळी मात्र मला ते आज्ञाधारक वाटलं होतं.

महिना संपता संपता नवरात्राची ऑर्डर आली. तीनशे किलो उपासाची भाजणी, पुण्याच्या दुकानांसाठी; तक्ता लागल्यानंतरचं उपासाचं हे पहिलंच दळण. गुरुवारी दळायची, भरायची आणि संध्याकाळी सहाच्या टेम्पोनं पाठवायची. माझा महिना शनिवारी भरत होता. हे दळण नीट पार पडलं की झालं, असा माझा हिशेब.

सकाळी मी तक्ता घेऊन धाकटीपाशी उभी राहिले. सहा कामं, सहा सह्या. मावशी सही करायच्या नाहीत, अंगठाही नाही. एक गोल काढून त्यात टिंब द्यायच्या. सहा गोल, सहा टिंबं. वरई, साबुदाणा, राजगिरा भाजून तयार होते. पंचवीस किलोंचा एकेक घाणा, असे बारा. प्रत्येक घाण्यातून माझी चिमूट, प्रत्येक खोक्यावर घाण्याचा आकडा. दुपारपर्यंत शेड अशी चालली होती की आमच्या जुन्या साहेबांना बोलावून दाखवावी.

पाच वाजता टेम्पो भरून झाला. मी टेबलाशी बसून वहीत बारा नमुन्यांची नोंद करत होते. रंग ठीक. बारीकपणा ठीक. वास...

पहिली पुडी नाकाशी नेली आणि थांबले.

धने.

पुन्हा हुंगली. भाजलेल्या धन्यांचा वास, साध्या थालिपिठाच्या भाजणीचा. उपासाच्या भाजणीत धने नसतात, आणि जिथे धने आहेत तिथे त्यांच्या मागोमाग ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, सगळी वरात असणार. दुसरी पुडी हुंगली. पुसट, पण होताच. तिसरीत नव्हता. बाराव्यापर्यंत सगळ्या हुंगल्या आणि परत पहिलीकडे आले. वाटलं, एवढ्यात वास निघून गेला असेल. गॅसचं बटण बंद असेलच असं वाटतं, तसं.

"शैला, जरा इकडे या. याचा वास घ्या."

शैलानं हुंगलं. मान वळवून गोदामावशींकडे बघितलं.

मी पुडी घेऊन मावशींपुढे गेले. त्या खराटा उभा करून ठेवत होत्या.

"मावशी, यात धने आले कुठून?"

"गिरणीच्या पोटात असत्यात की. काल दिसभर साधी भाजणी दळली न्हवं."

"पण आपण सगळं साफ केलं ना? तुमच्या सह्या आहेत."

"केलं की. त्वांड पुसलं, चाळण बदलली. तुमी लिवलं त्ये समदं केलं." त्यांनी खराटा भिंतीला टेकवला. "पोटात हात जातुय व्हय कुणाचा?"

"मग आधी कसं करत होता?"

मावशींनी माझ्याकडे त्या महिन्यात पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

"आधी दोन किलो वरई घालायची. कोरडी. ती पोटातलं समदं पुसून घिऊन भायेर येती. ती येगळी काढायची, मग उपासाचं दळाण. गिरणी उपासाला बसवायची म्हंजे ह्येच की वो, बाकी झाडझूड तर कुणीबी करतंय. आन् ती वरई धड उपासाची न्हाई, धड साधी न्हाई. दुकानात चालत न्हाई. म्हून काकींनी पडवीत असल्यापास्नं बायकांस्नी दिली. ज्या कायम हाईत त्यांचा नंबर असतुय, येक-येक करून. त्या दिशी शैलीचा व्हता."

कडीचा डबा. धड पांढरं नाही, धड पिवळं नाही.

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुमी इचारलं का न्हाई?"

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

आमच्या जुन्या साहेबांचं एक पालुपद होतं. कागदावर नाही, ते झालंच नाही. सात वर्षं ते मी बायबलासारखं पाळलं होतं. त्या क्षणी ते मला दुसऱ्या बाजूनं ऐकू आलं. वहीत अजून काही लिहिलं नव्हतं. 'वास: ठीक' एवढे दोन शब्द लिहिले असते, तर झालंच नसतं. टेम्पो गेला असता. पुण्यात कोणीतरी खाल्लं असतं, कोणाला कळलंही नसतं. शनिवार आला असता. रेवाला मी साडेपाचला सुटून आणत राहिले असते.

माझी आजेसासू नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास करायची. घरात कोणी चुकून लसूण सोललेल्या हातानं तिच्या वरईला शिवलं तर भांडायची नाही. निमूट दिवसभर पाण्यावर राहायची. हे मला तेव्हाच का आठवावं?

"टेम्पो थांबवा," मी म्हणाले. "पहिल्या दोन घाण्यांची खोकी उतरवायची."

टेम्पोवाला हसला. "म्याडम, पहिल्या घाण्याची खोकी पहिली भरली. ती पार आत, तळाला. समदा टेम्पो रिकामा करावा लागंल."

"मग करू."

"मी ड्रायव्हर हाय, हमाल न्हाई."

"मी उतरवते." मी चपला काढून टेम्पोत चढले. पहिलं खोकं उचललं आणि ते घ्यायला खाली कोण आहे म्हणून बघितलं. शैला हात पसरून उभी होती. तिच्यामागे ओळ लागली. गोदामावशी ओळीत नव्हत्या. त्या बाजूला उभ्या राहून "आकडा बघून घ्या गं, न्हाईतर सात नंबर उतरवाल आन् येक नंबर धाडाल," असं ओरडत होत्या. अभयला फोन करून मी एवढंच म्हणाले, "रेवाला तू आण. का ते विचारू नकोस." त्यानं विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याचा रोग दोघांनाही होता.

दहा खोकी बाजूला काढली, बाकीची परत भरली, टेम्पो पाठवला. मग टेबलाशी बसून कागद घेतला. कंपनीत चूक झाली की डेव्हिएशन नावाचा एक कागद भरावा लागायचा. काय घडलं, केव्हा लक्षात आलं, का घडलं, जबाबदार कोण. शेवटच्या चौकटीत कोणी कधी माणसाचं नाव लिहीत नसे. 'मानवी चूक' लिहून मोकळे व्हायचे.

मी लिहिलं. 'का घडलं: जुनी पद्धत न विचारता नवा तक्ता लावला. शैला यांचा डबा चोरीचा समजून जप्त केला. जबाबदार: केतकी बाबर.'

काकी स्कूटरवरून आल्या तोवर सहा वाजून गेले होते. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, मग परत वरून वाचला.

"हे तुम्ही तुमच्याच नावानं लिहिलंत?"

"हो."

"तुमच्या कंपनीत असंच लिहायचे?"

"नाही. तिथे 'मानवी चूक' लिहायचे."

"मग मानव कोण ते कळायचं कसं?"

मला हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत. "दुकानदाराला मी फोन करते. दहा खोकी उद्या पाठवतो म्हणून सांगते. पण केतकीताई, मी त्या तक्त्यावर सही केली ती तुम्हाला सगळं ठाऊक आहे असं समजून. महिनाभर तुम्ही नुसती मान हलवत होता."

मी परत मान हलवली.

"त्या कागदात माजंबी नाव घाला," मागून गोदामावशी म्हणाल्या.

"तुमचं कशाला?"

"मला ठावं व्हतं. सकाळी येक शबुद बोलली आस्ती तर येवढं रामायन झालं नसतं. पर बाई कागदं चिकटवती, आमच्या पोरीला चोर म्हनती, म्हनलं आपुन का बोलायचं? बसली मी फुगून." त्यांनी कागदाकडे बोट केलं. "घाला. गोल काढते म्होरं."

काकींनी कागद माझ्या हातात परत दिला.

"असं करू," त्या म्हणाल्या. "मला या कागदातलं फारसं कळत नाही, आणि माणसातलं माझ्यापेक्षा मावशींना जास्त कळतं. तुम्हाला ठेवायचं की नाही ते मावशी सांगतील. उद्या उपासाचं दळण परत आहेच."

त्या रात्री मी गॅसचं बटण किती वेळा तपासलं ते मोजलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी आठच्या आधी पोचले. वही उघडून धाकटीपाशी उभी राहिले.

"मावशी, गिरणी उपासाला कशी बसवतात?"

मावशी पानाला चुना लावत होत्या. त्यांनी निवांत पान जमवलं, तोंडात टाकलं, चावलं. मला वाटतं, आख्ख्या महिन्याचा हिशेब त्या पानात चुकता केला.

"आधी बंद करायची," त्या म्हणाल्या. "ह्ये तुमचं बराबर व्हतं. मग त्वांड पुसायचं कोरड्या फडक्यानं. वल्ल्यानं न्हाई, वल्ल्यानं पीठ चिकाटतं. ह्ये लिवलं का?"

"नव्हतं लिहिलं. आता लिहिते."

"मग चाळण. मग वरई. वता गं."

शैलानं वरई ओतली. गिरणी आधी घोगऱ्या आवाजात घुमली, घरघरली.

"हे किती वेळ चालवायचं?" मी विचारलं.

"आवाज बदलूस्तवर."

"म्हणजे किती मिनिटं?"

"मिंटं कशाला मोजायची? कान हाईत की. ऐका."

मी ऐकलं. मला काहीच फरक कळेना. आणि आयुष्यात पहिल्यांदा, कामाच्या जागी, चौदा बायकांसमोर मी म्हणाले, "मला नाही कळत."

"कळंल," शैला म्हणाली आणि माझा हात धरून गिरणीच्या अंगावर टेकवला. पत्रा थरथरत होता. हळूहळू ती थरथर बारीक झाली, आवाज वर चढला, स्वच्छ झाला, घसा साफ केल्यासारखा. "ह्यो बगा."

मी वहीत लिहिलं, 'आवाज बदलेपर्यंत.' जुन्या साहेबांनी हे वाचलं असतं तर त्यांना घेरी आली असती. खाली सहीची चौकट आखली. मावशींनी गोल काढला, आत टिंब दिलं. भिंतीवरच्या तक्त्यातलं 'कोणताही माल शेडबाहेर नेऊ नये' मी स्वतः खोडलं आणि त्याच्या जागी लिहिलं, 'पहिली वरई नंबराप्रमाणे. नंबर मावशी सांगतील.' फाटकावर डबे तपासायचं मात्र राहू दिलं. माझी माघार मीही एका दमात घेणार नव्हते.

दिवसभर मावशी माझ्या नोकरीबद्दल काही बोलल्या नाहीत. दोन घाणे झाले, दहा खोकी भरली, दुपारी टेम्पो आला आणि गेला. मी बारा वेळा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पानाशिवाय तिथे काही दिसलं नाही. साडेपाच वाजले. मी पर्स उचलली. रेवाला आणायचं होतं, आणि उद्या नसले तर आजच शैलाची नीट माफी मागायची होती.

"शैला, त्या दिवशी..."

"म्याडम, तुमचा डबा द्या."

"काय?"

"जेवनाचा डबा. रिकामा हाय न्हवं?"

तिनं माझ्या पिशवीतून डबा काढला, पुसला आणि पिंपातली सकाळची वरई त्यात भरायला लागली. धड पांढरी नाही, धड पिवळी नाही. डबा लहान पडला. उरलेलं तिनं कागदाच्या पुडीत बांधलं.

"अहो, नंबर तुमचा आहे ना? तुमचाच बुडला होता."

"व्हता. ह्या खेपेला तुमाला दिला. मावशी म्हनल्या तसं."

मी गोदामावशींकडे पाहिलं. त्या पाठमोऱ्या उभ्या राहून धाकटीवर चादर घालत होत्या.

"मावशी, पण नंबर तर कायमच्या बायकांचाच असतो ना?"

"मग?" मावशी न वळताच म्हणाल्या. "थालिपीठ लावताना कांदा घाला बारीक चिरून. उपासाचं ऱ्हायलं न्हाई आता ते."

फाटकापर्यंत मी कशी आले ते आठवत नाही. शिर्केकाका स्टुलावरून उठले, घसा खाकरला, आणि माझ्याच लाल अक्षरांतल्या नियमाला स्मरून हात पुढे केला.

"म्याडम, डबा उघडा."

मी उघडला. त्यांनी वाकून बघितलं.

"पीठ हाय ह्ये."

"हो," मी म्हणाले. "मावशींना विचारा."